पीटी बाईंचा गुलाबी घेर

रोशन गेटच्या बाजूला कुणालाही ‘पीटी बाई कुठे राहतात’ असं विचारा, बोट एकाच घराकडे जातं. नजमुन्निसा शेख यांना शाळेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी शिट्टी अजून घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली असते. गल्लीत रिक्षा आडवी लागली की ती वाजते. भाजीच्या गाड्याभोवती गर्दी झाली की नजमाबाई “एकामागं एक, एकामागं एक” म्हणत बायकांची रांग लावतात आणि स्वतः सगळ्यांत शेवटी उभ्या राहतात, त्यामुळे कुणाला काही बोलता येत नाही. बुरख्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले की पोरं सायकलवरून उतरून गुपचूप चालायला लागतात. यातल्या निम्म्या पोरांना त्यांनी शिकवलेलंही नाही. त्यांच्या आयांना मात्र शिकवलंय, आणि तो धाक घरातून पोचतो.

घरात दखनी चालते. पण नजमाबाईंना राग आला किंवा मनातलं काही बोलायचं असलं की त्या मराठीवर येतात. आयुष्यभर मैदानावर मराठीत ओरडल्याचा तो परिणाम असावा. नातीच्या शाळेत मराठीचा पेपर असतो, त्याचा सराव दादीच घेते, म्हणून त्या दोघींची भाषा तर मराठीच झालीय. मुलगा जावेद वाळूजला एका कारखान्यात आहे, सून तबस्सुम औषधांच्या दुकानात बसते, आणि अनिसा म्हणजे नऊ वर्षांची ही नात दिवसभर दादीच्या ताब्यात असते. की दादी तिच्या ताब्यात असते, हे घरातल्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

नजमाबाई मूळच्या सिल्लोडच्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. दहावीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत त्या सलवार-कमीज घालून धावल्या आणि पहिल्या आल्या. दुसरी आलेली मुलगी इतकी मागे होती की पंचांना वाटलं, ही पुढच्या शर्यतीतली असेल. मग जिल्ह्यासाठी निवड झाली. जिल्ह्याला हाफ पँट घालायचा नियम होता. वडील म्हणाले, सलवारीत पळेल, नाहीतर पळणार नाही. तिकडचे लोक म्हणाले, हाफ पँटमध्ये पळेल, नाहीतर पळणार नाही. ‘पळणार नाही’ यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं, आणि नजमा पळाली नाही. नजमाला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. ती मुकाट्याने शाळेत जात राहिली. आतून मात्र ती फार दुखावली होती.

पुढे शिकून त्या पीटीच्या बाई झाल्या आणि त्यांनी स्वतःपुरता एक कायदा केला. कपड्यांमुळे एकही पोरगी मैदानाबाहेर उभी राहणार नाही. सलवारीचे पायचे खाली रबराने बांधायचे, ओढणी छातीवरून तिरपी घेऊन कमरेला गाठ मारायची, आणि पळायचं. गणवेश आणला नाही म्हणून पोरगी रडत आली तर बाई म्हणायच्या, “गणवेश पळतो का तू पळती?” मग पोरगी डोळे पुसून पळायची.

असं सगळं सुरळीत चालू असताना या घरात बॅले आला.

अनिसाचे पाय चालताना आत वळायचे. डॉक्टर म्हणाले, पोहणं किंवा नाच, काहीतरी लावा. तबस्सुमच्या दुकानात समर्थनगरच्या एका क्लासची जाहिरात चिकटवलेली होती. संस्कृती नावाची इथलीच मुलगी पुण्यात बॅले शिकून परत आली होती आणि एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये शिकवत होती. जावेद म्हणाला, हे कसलं नवीन खूळ. नजमाबाई म्हणाल्या, पाय सरळ होत असतील तर खूळ का असेना. आणि अनिसाला घेऊन त्याच जाऊ लागल्या.

हॉलच्या मागच्या भिंतीला आयांसाठी खुर्च्या होत्या. आया मोबाइल बघत बसायच्या. नजमाबाईंना बसून दुसऱ्यांचा व्यायाम बघणं काही जमेना. त्या उठून मागच्या खिडकीचे गज धरून उभ्या राहायला लागल्या, आणि पोरींचे गुडघे वाकले की यांचेही वाकायचे. कारण विचारलं तर त्या म्हणायच्या, गुडघे धरलेत, जरा मोकळे करते. पण गुडघ्यांसाठी हात वर करून मान तिरकी करावी लागत नाही, हे संस्कृतीला समोरच्या आरशात दिसत होतं. एक दिवस ती म्हणाली, “बाई, खिडकी सोडा आणि पुढं आरशासमोरच्या दांड्याला, बारला या. गज उपटून हातात आला तर घरमालक मला बोलंल.” तेव्हापासून अनिसाच्या मागे, पोरींच्या ओळीच्या शेवटी, नजमाबाई. ओढणी तिरपी, कमरेला गाठ. पोरींना दोन दिवस मजा वाटली, मग सवय झाली. बाईंनीही वर्गात संस्कृतीला ‘मॅडम’च म्हटलं; शिकवणारा तो शिकवणारा, वय काही का असेना.

दोन वर्षांनी परीक्षा आली. बाहेरून परीक्षक येणार, पोरींचं काम बघणार आणि प्रमाणपत्र देणार. क्लासमध्ये आपापल्या टी-शर्टवर चालायचं, पण परीक्षेला खरा पोशाख. अनिसाच्या खालाने म्हणजे मावशीने पुण्याहून तो कधीच पाठवून दिला होता. अंगाला बसणारा फिकट गुलाबी ड्रेस, तसलेच पायमोजे, वर कमरेला गुंडाळायचा पातळ घेर, आणि पुढे साटीनच्या रिबिनीचा एक छोटा बो. अनिसाने तो प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवला होता, कपाटात ईदच्या कपड्यांच्याही वर. अधूनमधून ती पिशवी उघडायची, आत नाक घालून वास घ्यायची आणि परत बंद करायची. परीक्षेआधी घालून बघितला तर त्याची नवलाई जाईल, असं तिचं म्हणणं होतं.

परीक्षा जवळ आली आणि अनिसाच्या जोडीच्या मुलीच्या वडिलांची बदली झाली. मुलगी नाशिकला गेली. त्या इयत्तेला दोघीच होत्या, त्यातली एक उरली. संस्कृतीने नजमाबाईंना बाजूला घेतलं.

“बाई, एकटीची परीक्षा इथं घेत नाहीत. निदान जोडी तरी पाहिजे. पुण्याच्या केंद्राची तारीख निघून गेली. अनिसाला पुढच्या वर्षी बसवू.”

अनिसा बूट बदलत होती. तिला ऐकू गेलं. ती रडली नाही, फक्त एक बूट हातात तसाच धरून बसली.

“दुसरी कुणी नाय?” नजमाबाईंनी विचारलं.

“या इयत्तेचं सगळं येणारी दुसरी कुणी नाही.” संस्कृती थांबली आणि हसली. “म्हणजे तुम्ही सोडून.”

ती गमतीत बोलली होती. नजमाबाई गमतीत घ्यायला तयार नव्हत्या. “वयाची काही अट हाय का?”

“कमी वयाची आहे. जास्तीची नाही.”

“मंग लिवा माझं नाव.”

संस्कृतीने आनंदाने नाव घातलं आणि मग तिला पोशाख आठवला. जोडीतल्या दोघींचा पोशाख हुबेहूब पाहिजे, ती म्हणाली. रंग, कापड, नमुना, सगळं सारखं. परीक्षकांचं लक्ष कपड्यांवर जायला नको, पायांवर राहायला हवं. बाह्या लांब चालतील, अंगभर असलं तरी चालेल, फक्त घोळदार नको. गुडघा आणि कंबर दिसली पाहिजे. परीक्षक बाई आहेत, गाणं संस्कृतीच लावणार, दार बंद असणार. म्हणजे पुरुषमाणसाचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच होता, आणि तो त्या संध्याकाळी घरी चहाबरोबर निघाला.

“मग खालाचा गुलाबी ड्रेस?” अनिसाने विचारलं.

“त्याच्यासारखा दादीच्या मापाचा कुठं मिळायचा?” तबस्सुम म्हणाली. “आणि मिळाला तर अम्मी घालतील का? गुलाबी घेर, पुढं बो.”

हे डोळ्यांसमोर आणून जावेद इतका हसला की त्याचा चहा बशीत सांडला. तबस्सुम हसली. नजमाबाईही हसल्या, कारण चित्र खरंच हसण्यासारखं होतं. अनिसा तेवढी हसली नाही.

“नका घालू हो दादी,” ती म्हणाली. “सगळे हसतील.”

मग कुणीच हसलं नाही. नजमाबाईंना ते लागलं. सुनेचं आणि मुलाचं हसणं चालतं, ते घरातलं असतं. पण आपली आपल्या नातीला लाज वाटेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

मार्ग निघाला तो सोपा होता. दोघींनाही काळं. काळा लांब बाह्यांचा अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट, काळी लेगिन. बाजारात दोन्ही मापांत मिळतं, कुणी हसत नाही, आणि संस्कृतीलाही चाललं. तबस्सुमने ते दुसऱ्याच दिवशी आणलं. अनिसाने मापाला घालून बघितलं, “बसतंय” म्हणाली आणि अभ्यासाला बसली.

क्लासमध्ये सराव सुरू झाला. काळ्या कपड्यांतल्या दोघी, एक ठेंगणी, एक ठेंगणीच पण रुंद. अनिसाचं काही चुकत नव्हतं. हात जिथे पाहिजे तिथे जायचा, पाय जिथे पाहिजे तिथे. पण मैदानावर आयुष्य काढलेल्या बाईला चांगलं ठाऊक होतं की पोरगी जेव्हा मनापासून पळते तेव्हा कशी दिसते आणि पळायचं म्हणून पळते तेव्हा कशी दिसते. आधी अनिसा वळताना आरशात स्वतःकडे बघायची आणि हळूच खूश व्हायची. आता ती आरशाकडे बघतच नव्हती.

एका दुपारी नजमाबाई नमाज आटोपून उठल्या तर आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं. अनिसाने पिशवी खाली काढली होती. तिने या वेळी वास घेतला नाही. पिशवी उचलून कपाटाच्या अगदी तळाला, जुन्या गोधड्यांच्या खाली सारली आणि दार लावलं. मग येऊन म्हणाली, “दादी, मराठीचा सराव घेता का?”

तिने एकदाही तक्रार केली नव्हती. नजमाबाईंना सहन झालं नाही ते हेच. तक्रार त्यांनीही केली नव्हती, सिल्लोडला. घरात कुणी रागावू नये, कुणाची फजिती होऊ नये, म्हणून पोरीने मुकाट्याने आपली हौस खाली सारायची आणि मोठ्यांनी म्हणायचं, बघा किती समजूतदार आहे. आणि या वेळी पोरीच्या आड येणारे कपडे दुसऱ्या कुणाचे नव्हते, त्यांचे स्वतःचे होते.

त्यांनी बुरखा घातला आणि त्या बाहेर पडल्या.

सिटी चौकाच्या मागे चांदपाशा रंगाऱ्याचं दुकान आहे. कुठल्याही कमीजवर जुळणारी ओढणी पाहिजे असली की बायका नमुना घेऊन त्याच्याकडे जातात, पांढरं कापड देतात आणि हवा तो रंग घेऊन येतात. नजमाबाईंनी आयुष्यभर तेच केलं होतं, त्यामुळे त्यांना यात अवघड काही वाटलं नाही. त्यांनी पांढरं होजियरीचं कापड आणि घेरासाठी मलमल घेतलं, गोधड्यांखालून काढलेला अनिसाचा घेर नमुना म्हणून दिला आणि सांगितलं, “बिलकुल असा पायजे.”

रंग आला तेव्हा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो बिलकुल तसाच होता. घरी गच्चीवर उन्हात दोन्ही शेजारी धरले तर काहीच्या काही दिसलं. खालाचा घेर पाण्यासारखा फिकट, आणि यांचं कापड कलिंगडासारखं. नजमाबाई तणतणत परत गेल्या.

चांदपाशाने दोन्ही हातांत घेऊन बघितलं. “बाई, ही नायलॉन, ही सूती. बाजाराचा रंग माझ्या हंड्यात कसा येईल? ओढणीला चालून जातं, कमीज खाली आन् ओढणी वर. तुम्हाला दोन माणसं एकसारखी पायजेत. मंग कापड एकच घ्या, दोन्ही एकाच हंड्यात टाकतो. एका वक्ताला, एका पाण्यात. मंग फरक दाखवा मला.”

म्हणजे अनिसालाही खालाचा ड्रेस सोडावा लागणार होता. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच बाद. नजमाबाई दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसल्या. गुपचूप सगळं करून पोरीला एकदम दाखवायचं, असा त्यांचा बेत होता. आता तिला विचारल्याशिवाय इलाज नव्हता. आणि खरं तर ते आधीच विचारायला हवं होतं, हेही त्यांना तिथेच पायरीवर पटलं.

घरी येऊन त्यांनी अनिसाला समोर बसवलं. हंडा, नायलॉन, सूती, सगळं सांगितलं. अनिसा ऐकत होती.

“खालाचा तुझा राहून जाईल. पण गुलाबी व्हईल. घेर व्हईल. माझाबी तसाच.”

“तुमचापण?”

“एकसारखं पायजे ना. हसतील लोक. तू म्हणली होती. आता तूच सांग, हसलेलं तुला चालंल का? नाय चालत तर काळं हायेच. माझा राग नाय.”

अनिसाने बराच वेळ पायाच्या अंगठ्याने चटईची दोरी ओढली. मग म्हणाली, “तुम्हाला चालंल का?”

“मला?” नजमाबाई म्हणाल्या. “मला काय. पोरी माझ्या शिट्टीला हसायच्या, बुटाला हसायच्या. मला चालंल.”

“मग मलापण चालंल,” अनिसा म्हणाली. आणि लगेच, “पण बो पाहिजे.”

बो एकच होता. तबस्सुमने तो उसवला तर आतून वीतभर रिबिन निघाली. तिने ती मधोमध कापली आणि दोन बो केले, इतके बारके की लांबून बटणं वाटावीत. चांदपाशाने दोघींचं कापड एका हंड्यात बुडवलं. अंगातल्या ड्रेसचा रंग थोडा गडद आला आणि मलमलीचा थोडा फिका, पण दोघींचा सारखाच. तबस्सुमने दुकानातून आल्यावर मशीनवर बसून शिवलं. जावेदने या वेळी हसू दाबलं. तो एवढंच म्हणाला, “अम्मी, त्या उडीला जरा जपून.”

शिवल्यावर जादा रंग जायला म्हणून मिठाच्या पाण्यातून कपडे काढायचे होते. अनिसाचे नजमाबाईंनी दोरीवर सरळ वाळत घातले. स्वतःचे घातले आणि त्यांच्यावर एक पलंगपोस टाकला. शेजारच्या गच्चीवर बायका पापड घालत होत्या. चालंल म्हणणं वेगळं आणि गल्लीला दाखवणं वेगळं.

परीक्षेच्या दिवशी दोघी घरूनच कपडे घालून निघाल्या. नजमाबाईंचे बुरख्याखाली, अनिसाचे जॅकेटखाली. नजमाबाईंच्या हातात एक पिशवी होती. तिच्यात पाणी, सेफ्टी पिना, गुडघ्याचं मलम, आणि सगळ्यांत खाली दोघींचे काळे कपडे. पोरींना स्पर्धेला नेताना जादा जोड सोबत ठेवायची, ही त्यांची जुनी सवय होती. निदान त्यांनी स्वतःला तरी तसंच सांगितलं.

हॉलच्या शेजारच्या खोलीत इतर इयत्तांच्या मुली आणि त्यांच्या आया बसल्या होत्या. अनिसाने जॅकेट काढलं आणि खोलीतल्या आरशात बघितलं. वळून बघितलं, परत समोरून बघितलं. मग नजमाबाईंनी बुरखा काढून घडी घातली.

एका आईने ओठ दाबून मान खाली घातली. दुसरी मोबाइलकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. तिसरीने मोबाइल थोडा उचलून धरला. फोटो काढायला असेल किंवा नसेल, पण नजमाबाईंना तो उचललेला दिसला. आरशात त्यांना स्वतःचं सगळंच दिसलं. आवळलेलं पोट, दंड, आणि त्याच्यावर तो बटणाएवढा बो. आणि पीटी बाई घाबरल्या. भर शाळेसमोर त्या कधी घाबरल्या नव्हत्या, इथे पाचसहा बायकांसमोर घाबरल्या. त्यांनी पिशवी ओढली आणि आत हात घातला.

“दादी, काय शोधता?”

“काळं.”

“काहून?”

“हसून राहिल्या त्या.”

“हसतील म्हणून मी आधीच सांगितलं होतं ना,” अनिसा म्हणाली. “तुम्हीच म्हणल्या, मला चालंल.”

“चालंल म्हणली होती. नाय चालत आता. ऊठ, तू बी बदल.”

अनिसाने पिशवी दादीच्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसली. नव्या कोऱ्या घेरासकट, सरळ पाठीने, हात मांडीवर.

“ऊठ, अनिसा.”

“नाय.”

“अनिसा.”

“मला चालतंय,” अनिसा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, कारण हसणं तिलाही दिसत होतं. “तुमची गाठ सुटली. इकडं या.”

शेकडो पोरींना एका शिट्टीवर सरळ उभं करणाऱ्या नजमाबाई या एका पोरीला पिशवीवरून उठवू शकल्या नाहीत. त्या जवळ गेल्या. अनिसाने बसल्या बसल्याच त्यांच्या घेराची गाठ सोडून पक्की बांधली, बो मधोमध आणला, आणि त्यांच्या छातीवर परीक्षेसाठी मिळालेली दोन नंबरची चिठ्ठी पिनने नीट लावून दिली. मोबाइल धरलेल्या बाईने तो पर्समध्ये ठेवला.

“एक नंबर, दोन नंबर,” संस्कृतीने दारातून हाक मारली.

या परीक्षेत आत चालत जात नाहीत. हलक्या पायांनी धावत जायचं, हॉलच्या मधोमध थांबायचं आणि परीक्षकांना नमस्कार करायचा. क्लासमध्ये त्या दोघी हे कितीदा तरी करत आल्या होत्या आणि नजमाबाईंनी त्याचा कधी वेगळा विचार केला नव्हता. दार उघडलं. समोर टेबलाशी एक अनोळखी बाई पेन घेऊन बसल्या होत्या. अनिसा पुढे धावली. तिचा घेर उडाला. आणि तिच्यामागे नजमाबाई धावल्या.

चार पावलांचा तो हॉल. पण ठरवून दिलेल्या पोशाखात, ठरवून दिलेल्या जागी, कुणीतरी निकाल द्यायला बसलेलं असताना त्या धावल्या. मधोमध थांबल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि हात मात्र बरोबर जिथे पाहिजे तिथे होते. अनिसाने आरशात स्वतःकडे बघितलं, मग मागच्या दादीकडे बघितलं आणि ती खूश झाली.

निकाल पुढे आला. दोघी पास. अनिसाला जास्त, दादीला कमी. पोशाखाबद्दल शेऱ्यात एक अक्षर नव्हतं, म्हणजे परीक्षकांचं लक्ष पायांवरच राहिलं होतं. नजमाबाईंच्या उडीला मात्र त्यांनी ‘उंची कमी’ असं म्हटलं होतं, आणि त्या मुद्द्यावर नजमाबाईंचे त्यांच्याशी अजूनही मतभेद आहेत.

पण निकालाच्या आधीची, परीक्षेच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट सांगायची राहिली. नजमाबाईंनी दोन्ही जोड मिठाच्या पाण्यातून काढले आणि गच्चीवर नेले. पलंगपोस सोबत होता. तो त्यांनी कठड्यावर ठेवला. आधी अनिसाचा घेर दोरीवर टाकला, त्याच्या शेजारी आपला टाकला, आणि दोन्हींना चिमटे लावले. वारा होता. दोन्ही घेर फुगले.

शेजारच्या गच्चीवरची बाई पापड उलटता उलटता थांबली.

“बाई, तो बारका अनिसाचा, ते कळलं,” ती म्हणाली. “हा मोठा कुणाचा?”

“माझा,” नजमाबाई म्हणाल्या आणि पलंगपोसाची घडी घालून काखेत मारली. “पुढच्या परीक्षेला परत लागंल. म्हणून नीट वाळवते.”